लेसर सपाटीकरण आणि उन्हाची झळ

शिरोळ तालुक्यात कृष्णा व पंचगंगेच्या काठची काळी, भारी जमीन पाण्याचा निचरा सावकाश करते. उसाच्या शेतात थोडा भाग जरी खोलगट राहिला, तरी तेथे पाणी साचते, मुळांची हवा तुटते आणि पाणी आटल्यावर क्षार मागे उरतात. यास्तव लेसर यंत्राने केलेल्या सपाटीकरणात दोन-तीन सेंटिमीटरांची चूकही नुकसानकारक ठरते.

या यंत्राचा प्रेषक तिपाईवर उभा राहून प्रकाशकिरण फिरवितो. ट्रॅक्टरमागील पात्याच्या खांबावरील ग्राहक तो किरण टिपतो आणि त्यानुसार पाते वर-खाली होते. किरण सरळ गेला, तरच सपाटी बिनचूक होते.

किरणास बाधा आणणारी मुख्य गोष्ट म्हणजे तापलेली हवा. हवेचे तापमान एक अंशाने बदलले, की तिचा वक्रीभवनांक सुमारे दशलक्षांश इतका बदलतो. दुपारी काळ्या रानावर गरम व थंड हवेचे भोवरे उठतात. त्यांतून जाताना किरण थरथरतो. रात्री तारे लुकलुकतात, त्याचेही कारण हवेतील असेच भोवरे होत. शिवाय जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा उष्ण असल्याने किरण वरच्या बाजूस वाकतो. मृगजळ दिसते तेही यामुळेच. अंतर दुप्पट झाल्यास हा वाकाव सुमारे चौपट होतो.

अडचण अशी, की सपाटीकरण बहुधा ऊस निघाल्यावर, रान कोरडे असताना, म्हणजे उन्हाळ्यातच करावे लागते. म्हणून शेतकरी बांधवांनी पुढील काळजी घ्यावी:

१. काम सकाळी व सायंकाळी करावे. भर दुपारी थांबावे. ढगाळ दिवस अधिक सोयीचा.
२. प्रेषक शक्य तितका उंच व शेताच्या मध्याजवळ ठेवावा, म्हणजे अंतर कमी राहील.
३. नदीकाठी दाट धुके असल्यास ते विरेपर्यंत थांबावे. पाण्याचे कण प्रकाश विखुरतात.
४. जोराच्या वाऱ्यात तिपाई हलते. पाय घट्ट रोवावेत. तरीही हलत असल्यास काम बंद ठेवावे.
५. आरंभी पक्की खूण ठरवून तिची उंची नोंदवावी व दर दोन तासांनी पुन्हा तपासावी. फरक आढळल्यास त्या अवधीतील काम पुन्हा मोजावे.
६. किरणाकडे सरळ पाहू नये.

ग्रामसेवकांनी ही तपासणी स्वतः करून दाखवावी. क्षारपड जमिनीत सपाटीबरोबर निचऱ्याचे चरही आवश्यक आहेत. परंतु सपाटीच चुकली, तर पाणी चरांपर्यंत पोचणार नाही.