पाहुण्यांची न्याहारी, रात्रीची तयारी

घरात चार पाहुणे मुक्कामाला असले की एरवी पातेलंभर पोह्यांत सकाळ साजरी होते. पण एकाला मधुमेह, दुसऱ्याला गहू वर्ज्य, तिसऱ्या घरी कांदा-लसूण चालत नाही आणि मावशींचा उपास! मग गृहिणीने चार चुली मांडायच्या का?

मुळीच नाही. दुपारी भिजवलेली सालीची मूगडाळ जिरे-मिरची घालून रात्रीच वाटावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी मीठ घालून धिरडी काढावीत. त्यांत गहू नाही, कांदा नाही. मधुमेह्यालाही ती पोह्यांपेक्षा बरी. लसणीची चटणी वेगळ्या वाटीत द्यावी. हिंग मात्र डबीवरची यादी वाचूनच घालावा. पुष्कळदा त्यात गव्हाचे पीठ असते. मावशींसाठी वरीचे तांदूळ निवडून, दाण्याचे कूट करून ठेवावे.

पथ्याचे वेगळे ताट आले की पाहुणा संकोचतो. पुढच्या खेपेला मुक्काम टाळतो. सर्वांच्या ताटात एकच धिरडे असले, तर पथ्याची चर्चाच होत नाही. आणि गृहिणीलाही त्यांच्या पंगतीत बसून गरम चहा पिता येतो. पाहुणचारात तिचाही वाटा असायला नको का?