मधल्यावर जीव

आईला सगळी मुले सारखीच, असे आपण म्हणतो. पण एखाद्या लेकरावर तिचा जीव काकणभर अधिक असतो, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. साध्या घरात त्यावरून रुसवेफुगवे होतात. राजाच्या घरात तलवारी निघतात. हजार वर्षांपूर्वीची जर्मन राणी माटिल्डा हिने हे सारे सोसले.

सॅक्सनीतल्या सरदार घराण्यातली ही मुलगी हेरफोर्डच्या मठात आजीच्या देखरेखीखाली वाढली. ९०९ साली हेन्रीशी तिचे लग्न झाले. हेन्रीला पहिल्या बायकोपासून थांकमार नावाचा मुलगा होताच. पुढे माटिल्डाला ओटो, हेन्री आणि ब्रूनो हे तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. ९१९ मध्ये पती राजा झाला.

ओटोचा जन्म त्याआधीचा, ९१२ चा. मधला हेन्री जन्मला तेव्हा वडील गादीवर होते. राजाच्या पोटी आला तोच खरा वारस, असे आईला वाटे, असे तिचे चरित्र सांगते. पण ९३६ मध्ये राजा वारला आणि मुकुट ओटोला मिळाला. विधवा राणीने क्वेडलिनबुर्ग येथे पतीच्या थडग्यापाशी स्त्रियांचा मठ उभारला.

मग घर फुटले. ९३८ मध्ये बंड करणारा थांकमार मारला गेला. नंतर धाकट्या हेन्रीने भावाविरुद्ध शस्त्र उचलले. त्याला साथ देणारा जावई गीझेलबेर्ट ९३९ मध्ये पळताना ऱ्हाइन नदीत बुडाला. दिराच्या नव्हे, सख्ख्या भावांच्या भांडणात लेक गेरबेर्गा विधवा झाली! ९४१ च्या ईस्टरला, ज्या क्वेडलिनबुर्गला बाप विसावला होता तिथेच, ओटोला ठार मारण्याचा हेन्रीचा कट उघडकीस आला. त्याच नाताळात ओटोने त्याला क्षमा केली.

भाऊ एक झाले, आणि दोघांचा रोख वळला तो आईकडे! ती राजघराण्याचा खजिना गोरगरिबांवर आणि मठांवर उधळते, असा आरोप झाला. पतीकडून मिळालेल्या जमिनी सोडून ती एंगरला माहेरच्या वतनावर निघून गेली. ज्याच्यासाठी जीव टाकला तो हेन्रीही विरोधात होता, हे दुःख अधिक असणार. चरित्रे सांगतात की, ओटोची इंग्रज पत्नी ईडिथ हिने रदबदली केली आणि सासूला सन्मानाने परत आणवले. मुलांनी तोडले ते सुनेने जोडले.

इथे एक सावधगिरी हवी. माटिल्डाची दोन जुनी चरित्रे आहेत. दुसरे लिहिले गेले ते दुसऱ्या हेन्रीच्या काळात, आणि हा राजा त्या लाडक्या मुलाचाच नातू! तेव्हा आजोबांवरची आईची माया त्यात थोडी फुगवली गेली असेलही.

हेन्री ९५५ मध्ये वारला. त्याच वर्षी ओटोला मुलगी झाली. तिचे नाव त्याने माटिल्डा ठेवले आणि ९६६ मध्ये ती अकरा वर्षांची पोर क्वेडलिनबुर्गची मठाधिपती झाली. १४ मार्च ९६८ रोजी तिथेच आजीने डोळे मिटले, आणि पतीशेजारी तिला ठेवण्यात आले. म्हातारपणी तिचा वारसा सांभाळायला उभी राहिली ती लाडक्याची नव्हे, थोरल्याची लेक. आणि तीही आजीचेच नाव घेऊन.