घोय, चिवय अन् तरोटा

बुलडाण्यात पहिला दणकून पाऊस झाला की पंधरा दिवसांत मोकळा प्लॉट दिसेनासा होतो. मालक म्हणतो, गवत माजलं. शेजारची आजी म्हणते, भाजी आली. गावाचं नावच मुळात 'भिलठाणा'वरून पडलं असं सांगतात. म्हणजे रान इथलं घरमालक आणि आपण भाडेकरू.

आधी उच्चार सुधारा

वऱ्हाडी तोंडात 'ळ' टिकत नाही. चिवळीची 'चिवय' होते, घोळीची 'घोय'. बाजारात टोपलीपाशी उभं राहून "चिवळ आहे का हो?" असं शुद्ध विचारलंत, तर भाव वाढलाच म्हणून समजा. दोघी सख्ख्या बहिणी. घोळ जाड पानांची, चिवळ बारीक आणि निवडताना जीव खाणारी. पण उन्हाळ्यात बेसन पेरून केलेली चिवळ अन् कळण्याची भाकर समोर आली की निवडण्याचा राग विसरतो.

घोळीची एक गंमत. पाण्याचा ताण पडला की ती रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात पानांत साठवते आणि दिवसा वापरते. म्हणून पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळच्या घोळीपेक्षा जास्त आंबट. शिवाय माशांमुळे नाव झालेलं ओमेगा-३ हिच्यात असतं, तेही पालेभाज्यांत नजरेत भरेल इतकं. अमेरिकेत थोरो या लेखकानं 'वॉल्डन' या पुस्तकात (१८५४) शेतातली घोळ उकडून, मीठ घालून जेवण भागवल्याचं लिहिलंय. फोडणीचा उल्लेख नाही. बिचारा.

पाथरी खाल्ली म्हणून अटक

२९ मार्च १९८६. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये स्टीव्ह ब्रिल नावाच्या माणसाला उद्यानाच्या रक्षकांनी साध्या वेशात पाळत ठेवून पकडलं. गुन्हा? बागेतलं डँडेलियन खाल्लं! बोभाटा इतका झाला की पुढे त्याच उद्यान खात्यानं त्याला लोकांना रानभाज्या दाखवायच्या कामावर ठेवलं. हे डँडेलियन म्हणजे आपल्या पाथरीची चुलत बहीण: तसंच पिवळं फूल, तसाच पांढरा चीक, तसाच कडवटपणा. आपल्याकडे पाथरी बांधावरही येते अन् क्रीडांगणाच्या कडेलाही. अटक अजून तरी कुणाला झालेली नाही.

केना: वर फूल, खाली फूल

केन्याचं निळं फूल नीट पाहा. दोन पाकळ्या ठसठशीत, तिसरी नावापुरती. हॉलंडच्या कॉमेलिन घराण्यात दोन नामवंत वनस्पतितज्ज्ञ झाले, तिसरा काही करून दाखवायच्या आधीच गेला. म्हणून वनस्पतींना नावं देणाऱ्या लिनियसनं या प्रजातीचं नाव 'कॉमेलिना' ठेवलं. केना आणखी एक गोष्ट चोरून करतो. जमिनीखालीही फुलतो, ती फुलं न उमलताच बी धरतात. निंदणाऱ्या बायांनी कितीही उपटला तरी तो पुन्हा हजर असतो, त्यामागचं एक कारण हे.

तरोटा मांजरालाही चालतो

कोकणात टाकळा, आपल्याकडे तरोटा. कोवळा असतानाच खुडायचा. ही भाजी रात्री पानं मिटून झोपते. तिच्या बियांपासून निघणारा डिंक डबाबंद खाद्य घट्ट करायला वापरतात, म्हणजे आपण ज्याला उकिरड्यावरचं म्हणतो ते परदेशात मांजरीच्या ताटात जातं. बिया भाजून कॉफीसारख्याही पितात.

पण इथे एक जुळा भाऊ लपलाय: कासविंदा. तरोट्याच्या देठावर गोलसर पानांच्या तीन जोड्या, तर कासविंद्याची पानं टोकदार, जोड्या बहुधा जास्त, चुरगाळली की घाण वास. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं कासविंद्याच्या बिया खाऊन दगावली आहेत. तेव्हा ओळख पटल्याशिवाय खुडायचं नाही. नालीकाठचं आणि तणनाशक मारलेलं तर ओळख पटली तरी नाही.

कटुल्यांच्या वेलांतही ओळख लागते: नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. कुंपणावर पसरून फुलतो खूप, पण फळ धरत नाही, असा वेल असेल तर त्याला दोष देऊ नका. तो नर आहे.

वाळवीची शेती

पावसात वारुळावर येणारी अळंबी ही वाळवीची बाग. वाळवी पालापाचोळा आत नेऊन त्यावर बुरशी वाढवते, अन् हा धंदा ती सुमारे ३ कोटी वर्षं करतेय. माणसाला ती अळंबी अजून बाजारासाठी पिकवता आलेली नाही. चांदीचा चमचा काळा पडला तर अळंबी विषारी, ही समजूत मात्र साफ खोटी. हिरवळीवर उगवणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांपासून तर चार हात लांबच राहावं. त्यांतली हिरव्या बीजाणूंची जात भल्याभल्यांना दवाखान्यात नेते.

बोथ्याच्या जंगलात शिरून भाजी आणू म्हणाल, तर तिथे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. विनापरवाना एक पानही तोडता येत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरणा वाघ हजारावर किलोमीटर चालून इथेच मुक्कामाला आला होता. त्यापेक्षा ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव गाठावा.

बैलाची सुट्टी

पोळ्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, आपोआप उगवलेलं तेवढंच. याच तिथीला, ८ सप्टेंबर १९१० रोजी, गजानन महाराजांनी शेगावात समाधी घेतली. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात या दिवशी एकीकडे शेगावची गर्दी अन् दुसरीकडे कुंजर, केना, माठ यांना सोन्याचा भाव. "आता नांगर ट्रॅक्टर ओढतो, म्हणजे सगळंच चालतं," असा मुद्दा आमच्या घरातल्या एका चिरंजीवांनी मांडून पाहिला. आजीनं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि ताटात कुंजराचीच भाजी वाढली.