सर्व्हर उठत नाही, म्हणजे डेटा गेला असं नाही



संशोधनाची तयारी करताना आपण संख्याशास्त्र शिकतो, शोधनिबंध कसा वाचायचा ते शिकतो. पण ज्या यंत्रावर आपला डेटा राहतो ते एका सकाळी सुरूच झालं नाही तर काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. मी ते तौक्ते वादळानंतर शिकलो.

१६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. खांब पडले, तारा तुटल्या, मालवण तालुक्यात कित्येक ठिकाणी बरेच दिवस वीज नव्हती. आमचा लहानसा सर्व्हर तेव्हा बंद पडला. मग एके दिवशी वाडीतून "लाईट इली!" अशी आरोळी आली. मी बटण दाबलं, आणि पडद्यावर एकच निरोप : बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

आत तीन हंगामांचे, पाण्याखाली घेतलेले प्रवाळांचे व्हिडिओ होते. कोष्टकं पुन्हा भरता येतात. पण त्या वर्षीचा प्रवाळ त्या वर्षी कसा दिसत होता, हे पुन्हा कॅमेऱ्यात पकडता येत नाही.

ओळखीच्या एकाने फोनवरच उपाय सांगितला, "फॉरमॅट मारून नवी सिस्टीम टाकूया." ते ऐकलं असतं तर हा लेख वेगळा झाला असता.

आधी रेड समजून घेऊ

ही आयकरवाल्यांची रेड नव्हे. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक भरवशाची साठवण करायची, ही कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कले विद्यापीठातून मांडली. रेड १ मध्ये प्रत्येक डिस्कवर तीच प्रत असते. रेड ५ मध्ये डेटा सगळ्या डिस्कवर वाटला जातो आणि सोबत पॅरिटी, म्हणजे एक प्रकारची बेरीज, ठेवली जाते. एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा काढता येतो. रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी चालतं.

आमच्याकडे ४ टीबीच्या ४ डिस्क होत्या, लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेड ५ मध्ये. वापरायला १२ टीबी, आणि एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत. मग सर्व्हर का उठेना?

बूट ही साखळी आहे

बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत पाच पायऱ्या असतात :

१. बायोस किंवा यूईएफआयला डिस्क दिसतात.
२. त्यातल्या एका डिस्कवर बूटलोडर (लिनक्समध्ये बहुधा ग्रब) सापडतो.
३. तो कर्नल आणि इनिटरामएफएस, म्हणजे सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टीम, मेमरीत आणतो.
४. ही छोटी सिस्टीम डिस्कवरच्या खुणा वाचून रेड जुळवते.
५. जुळलेल्या रेडवरची फाइल सिस्टीम जोडली जाते.

आता नीट बघा. सॉफ्टवेअर रेड जिवंत होतो चौथ्या पायरीवर. पहिल्या पायऱ्यांवर बायोसला रेड वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त सुट्या डिस्क दिसतात. आमच्याकडे ग्रब बसवला होता तो फक्त पहिल्या डिस्कवर. आणि खाऱ्या दमट हवेने नेमका त्याच डिस्कच्या केबलचा जोड गंजला होता. चार खोल्यांत सामान वाटून ठेवलं, पण मुख्य दाराची किल्ली एकाच खोलीत राहिली, असा प्रकार. डेटाला आधार होता, बूटला नव्हता.

तपासायचं कसं

पहिला नियम : साखळी कुठे तुटली हे कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही.

प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि ती कुठल्या केबलला होती हे वहीत लिहा, फोटो काढा. मग बायोस उघडा. सगळ्या डिस्क दिसतात का? तारीख मागे गेली आहे का? गेली असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय, आणि त्यासोबत बूटचा क्रम किंवा डिस्कचा मोडही बदललेला असू शकतो. बऱ्याचदा दुखणं एवढंच असतं.

नसेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करा. एमडीएडीएम या आज्ञेचा 'एक्झामिन' पर्याय प्रत्येक डिस्कवरची रेडची खूण फक्त वाचतो. त्यात 'इव्हेंट्स' नावाचा आकडा असतो. सगळीकडे तो सारखा असेल तर डिस्क एकमेकींशी जुळून आहेत. एकीचा मागे असेल तर ती आधीच गटातून बाहेर पडली होती. आमच्या तीन डिस्कचा आकडा तंतोतंत सारखा निघाला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

मग रेड 'फक्त वाचन' स्थितीत जुळवा आणि फाइल सिस्टीमही तशीच जोडा. एक्स्ट ४ असेल तर सोबत 'नोलोड' द्या. नाहीतर फक्त वाचायला जोडतानाही ती आपली जर्नल डिस्कवर उतरवायला जाते. फायली दिसल्या की सगळ्यात आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. दुरुस्ती नंतर. कारण चौथी डिस्क परत घेऊन रेड बांधताना उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागू शकतात, आणि त्या वाचनात दुसरी डिस्क कोसळली तर रेड ५ कडे उत्तर नाही.

हे करू नका

– एमडीएडीएमचा 'क्रिएट' पर्याय. जुना रेड जुळवायला 'असेंबल' असतो. 'क्रिएट' नव्या खुणा लिहितो.
– अर्धवट जुळलेल्या रेडवर एफएससीके.
– हार्डवेअर रेड कार्डाने 'फॉरेन कॉन्फिगरेशन' दाखवलं तर घाईत 'क्लिअर'. तिथे सहसा 'इम्पोर्ट' हवं असतं.
– एका वेळी दोन बदल. कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. प्रयोगशाळेतला नियम इथेही तोच.

दुरुस्तीनंतर

प्रत हातात आल्यावर आम्ही केबल बदलली, डिस्क परत गटात घेतली आणि ग्रब चारही डिस्कवर बसवला. यूईएफआय असेल तर बूटचा छोटा विभाग प्रत्येक डिस्कवर ठेवावा लागतो. मग खरी परीक्षा : सर्व्हर बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढली आणि चालू केला. उठला. एका वेळी एकच, अशी प्रत्येक डिस्क काढून पाहिली. प्रत्येक वेळी ती परत गटात घेऊन रेड पूर्ण होईपर्यंत थांबलो.

शेवटचं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड चारही डिस्कवरून इमानदारीत पुसतो, आणि छप्पर उडून पाणी आलं तर चारही डिस्क एकत्रच भिजतात. एक प्रत समुद्रापासून लांब, दुसऱ्या गावात हवी. आमची आता घाटावर असते.

तुमच्या विभागातल्या सर्व्हरवर ग्रब किती डिस्कवर आहे? पावसाळ्याआधी एकदा विचारून घ्या.