बांधावरची करवंदीची जाळी परसात कशी आणावी?



चाकण-महाळुंगे भागात कारखाने आले, रस्ते रुंद झाले. शेताबरोबर बांध गेले आणि बांधावरच्या करवंदीच्या जाळ्याही गेल्या. "साहेब, आजोबांच्या वेळची जाळी आहे, घरामागं नेता येईल का?" असे बरेच जण विचारतात. नेता येते, पण घाई उपयोगाची नाही.

माझ्याच हातून एकदा चूक झाली. भर मे महिन्यात यंत्राने उपटलेली जुनी जाळी आम्ही लावली. पाणी भरपूर घातले, तरी ती वाळली. कारण सोपे आहे. करवंदीचे सोटमूळ खोल जाते. पाणी शोषणारी बारीक मुळे जाळीपासून लांब असतात. ती तुटली, की वर पाला तेवढाच आणि खाली तोंड बंद!

निवड : गुडघाभर उंचीचे कोवळे झुडूप घ्या. स्वतःच्याच बांधावरचे घ्या. वनखात्याच्या हद्दीतले उपटू नका.

पहिला टप्पा, मृगाच्या पावसात : बुंध्यापासून फूटभर अंतरावर अर्धगोल चर खणून त्या बाजूची मुळे धारदार कुदळीने तोडा. चरात माती व कुजलेले शेणखत भरा. तेथे नवी तंतुमुळे फुटतील.

दुसरा टप्पा, चार आठवड्यांनी, पुनर्वसूत : ढगाळ दिवशी, सायंकाळी उरलेली बाजू खणा. फांद्या एक तृतीयांश छाटा. मातीचा गड्डा न फोडता ओल्या गोणपाटात बांधून उचला. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. काट्यांसाठी हाताला जाड कापड बांधा.

लागवड : मातीच्या गड्ड्यापेक्षा मोठा खड्डा आधीच तयार ठेवा. झुडूप पूर्वीइतकेच खोल बसवा, माती पायाने दाबा. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून तेथे उंचवट्यावर लावा. कुंपणासाठी दोन झुडपांत तीन फूट, फळांसाठी सात-आठ फूट अंतर ठेवा. मुलांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर लावू नका.

निगा : पाऊस उघडल्यावर आठ-दहा दिवसांनी पाणी द्या, बुंध्याशी पाचोळा पसरा. पाने गळाली म्हणून लगेच उपटू नका. नखाने साल खरवडा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

जुनी, मोठी जाळी मात्र क्वचितच जगते. तिच्यासाठी दुसरी वाट आहे. पिकलेल्या करवंदांचे बी धुऊन आठवड्याच्या आत पिशवीत पेरा. जुने बी नीट उगवत नाही. रोप पुढच्या पावसाळ्यात लावा, तीन-चार वर्षांत फळ धरेल. गोड फळांच्या जाळीचेच बी घ्या, पण रोप हुबेहूब आईसारखे निघेलच असे नाही. म्हणून चार-पाच रोपे करा.

बांधावर यंत्र येण्याआधी एवढे केलेत, तर जमीन गेली तरी लोणच्यापुरती करवंदे घरची राहतील. यंदा मृगाच्या आधी जाळी पाहून ठेवा.