ताप विषाणू चढवत नाही, आपणच चढवतो!

कोरोनाच्या काळात घरोघरी एकच ध्यास होता: प्रतिकारशक्ती वाढवा! पण ही शक्ती नुसती वाढून भागत नाही. तिला वेळेवर जागं व्हावं लागतं, शत्रू नेमका ओळखावा लागतो आणि वेळेवर थांबावंही लागतं. कसं ते बघा.

शेजाऱ्यांनो, सावध!
विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. निरोप मिळताच शेजारच्या पेशी कडीकोयंडा लावून घेतात. हे प्रथिन सापडलं १९५७ साली. कोरोनाची चलाखी अशी, की तो ही हाकाटीच दाबून धरतो. तेवढ्या उसंतीत तो गुपचूप वाढतो आणि लक्षणं दिसण्याआधीच दुसऱ्याच्या घरी पोचतो.

अंग गरम, तरी थंडी?
संरक्षक पेशींचा सांगावा मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला मिळतो आणि तो शरीराचं तापमान ३७ वरून, समजा, ३९ अंशांवर न्यायचं ठरवतो. अंग तिथवर तापेपर्यंत दोन गोधड्या घेऊनही दात वाजतात. ताप उतरवायचं ठरलं, की घामानं उशी भिजते.

फोडणीचा वास कुठं गेला?
कढईत हिंग-मोहरी तडतडतेय आणि नाकाला पत्ता नाही! विषाणू मुख्यतः गाठतो तो वास घेणाऱ्या चेतापेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या पेशींना. त्याला आत घेणारं एसीई-२ नावाचं दार असतं ते याच पेशींवर. त्या पुन्हा तयार होतात, म्हणून बहुतेकांचा वास परत आला.

सेकंदाला हजारो
एकच प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बनवू शकते! ती विषाणूच्या काट्यांना घट्ट चिकटतात. मग काटा त्या दारात बसतच नाही.

शंभरात पाचही पास नाहीत
टी-पेशींची शाळा छातीच्या हाडामागे, थायमस ग्रंथीत भरते. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या बाद, आणि ज्या आपल्याच शरीरावर उठतात त्याही बाद. पास झालेल्यांची स्मरणशक्ती मात्र दांडगी. २००३ साली सार्स झालेल्यांच्या टी-पेशींनी १७ वर्षांनंतरही तो विषाणू ओळखला. सिंगापूरच्या संशोधकांनी हे २०२० मध्ये दाखवून दिलं.

थांबण्यातही प्राण
काहींच्या शरीरात ही लढाई आवरेनाशी झाली आणि फुप्फुसंच होरपळली. अशा वेळी कामी आलं डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकारशक्तीला शांत करणारं जुनं, स्वस्त औषध. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत त्यानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटवले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही.

लस म्हणजे रंगीत तालीम
पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला. तोच निष्क्रिय करून कोव्हॅक्सिन बनली. शत्रू मेलेला, पण सराव खरा! लस घेतल्यावर कुणाच्या काखेत अवधाण येतं. घाबरू नका. तिथल्या लसिकाग्रंथीत पेशींचा वर्ग भरलेला असतो आणि शत्रूचा चेहरा पाठ करून घेणं चाललेलं असतं.