'परळी' वाचता येईना!

दोस्तांनो, समजा तुमची शाळा परळी वैजनाथला आहे आणि तुमच्या बाकावर एक अंध मित्र बसतो. बाईंनी कॉम्प्युटरवर टाइप केलेली भूगोलाची टिपणं पाठवली. तुम्ही ती डोळ्यांनी वाचाल. आणि तो? तो कानांनी! पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा 'स्क्रीन रीडर' हा प्रोग्राम असतो ना, त्याच्या मदतीनं. त्यातला 'एनव्हीडीए' तर चक्क फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी तो २००६ साली बनवायला घेतला, मग जेम्स तेह साथीला आले. दोघंही अंध बरं का! मराठीही वाचतो तो, जरा यंत्रमानवासारखी.

मग अडतं कुठं? फाँटमध्ये! 'कृतिदेव'सारख्या जुन्या फाँटमध्ये 'परळी' दिसते झकास. पण कॉम्प्युटरच्या पोटात 'प'च्या जागी इंग्रजी 'आय' असतो, 'र'च्या जागी 'जे'. फाँट वरून नुसता मराठी मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर वाचतो आतलं, त्यामुळे मित्राच्या कानी पडते निव्वळ बडबड. उद्या चाचणी असेल तर त्यानं करायचं काय? युनिकोडमध्ये मात्र 'प'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३४६. कुठल्याही देशातल्या कॉम्प्युटरवर तो 'प'च.

पालकहो, सूचनेचा फोटो काढून पाठवता ना? यंत्राला ते नुसतं चित्र. चित्रातली अक्षरं ओळखणारे प्रोग्राम आता आहेत, पण पुसट जोडाक्षरांपाशी ते ठेचकाळतात. त्यापेक्षा मोबाइलवर दोन ओळी मराठीत टाइप करा, त्या युनिकोडमध्येच उमटतात.

अँड्रॉइड मोबाइलवर 'टॉकबॅक' सुरू करून, डोळे मिटून ऐका बघू. एक टिचकी मारली की तो बोलतो, बटण दाबायला मात्र दोन लागतात. बंद करताना विसराल!